गुरवाच्या बनाबाईचं आवतण

तीन वाटा मिळतात त्या वडाच्या तिकटीपासून नाल्याच्या कडेपर्यंत पसरलेल्या त्या वॉर्डात गुरवाच्या बनाबाईला ओळखत नाही असा उंबरा नव्हता. महादेवाच्या देवळाची पूजा तिच्या सासरी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. नवरा पिराजी लिंगाला न्हाऊ घाली, गंध लावी. सोमवारचा बेल घरोघर पोचवणं आणि देवाघरचं आवतण देणं ही कामं बनाबाईची. देवळात कार्य निघालं, की अक्षतांची वाटी घेऊन ती बाहेर पडे. दारात उभं राहून घरातल्या थोरल्या बाईला नावानं हाक मारी, उंबऱ्यावर अक्षता ठेवी आणि म्हणे, "देवानं बोलावलंय. यायचं बगा." त्या शब्दाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

हे आवतण एकदा दिलं की दिलं. ते फिरायचं एकाच गोष्टीनं: गुरवाच्या घरी सुतक पडलं तर. मग गाभारा बंद, बेल बंद, आणि सुतकात देवापुढं बोललेलं-उचललेलं काही देवापर्यंत पोचत नाही, असं जुन्या बायका मानत. बातमी उशिरा कळली तरी सुतक धरायचं ते मेल्या घटकेपासूनच.

वॉर्ड म्हणजे बारा गावचं पाणी. सासूच्या काळात तिथं मराठ्यांची खालची तालीम, कुंभारांच्या भट्ट्या आणि लिंगायत वाण्यांची दुकानं, एवढंच होतं. पलीकडं बागवान गल्ली, केळी-चिकूच्या पाट्यांची. नाल्याच्या अंगाला महारवाडा होता. छप्पन सालानंतर त्यानं ते नाव टाकलं, नालंदानगर झाला. सासू तिकडं पायरी सोडून लांबूनच आवतण ओरडायची. बनाबाई लग्न होऊन आली आणि पहिल्याच वर्षी थेट यल्लव्वाच्या चुलीपुढं जाऊन बसली. यल्लव्वा निपाणीकडची; धम्म घेतला तरी आईनं ठेवलेलं नाव तिनं बदललं नव्हतं.

"अक्षता नको गं, अव्वा," यल्लव्वानं तेव्हाच सांगितलं होतं, "आम्ही देव सोडला. पण तू दारात आलीस म्हणून येतो की मी. देवासाठी न्हाय, तुझ्यासाठी."

तेव्हापासून नालंदानगरात आणि बागवान गल्लीत अक्षतांऐवजी हातावर खडीसाखर ठेवायची रीत बनाबाईनं पाडली. पुढं चंदगड-आजऱ्याकडची माणसं पोटामागं आली, नाल्याकडेला पत्रे ठोकून राहिली. त्यांनाही आवतण गेलं. कुंभारांच्या भट्ट्या गेल्या नि तिथं अपार्टमेंट उभं राहिलं. तिथल्या बायका साखळी लावून फटीतून बघत, "कोण हवंय?" विचारत. बनाबाई फटीतूनच अक्षता देई. पण देई.

इतकी माणसं, आणि हंबीररावांच्या तोंडी त्यांना एकच शब्द: गठ्ठा. हंबीरराव खालच्या तालमीचे अध्यक्ष, देवळाच्या कमिटीतही तेच. निवडणूक आली की तालमीच्या पायरीवर बसून बोटांवर मोजत, "बागवानांचा गठ्ठा धरला. नाल्याचा गठ्ठा फुटतोय, त्याला बघा. नालंदाचा गठ्ठा कुणाच्या हातात हाय?" जाता-येता ते कानावर पडलं, की बनाबाईच्या कपाळात तिडीक जाई. एकदा घरी येऊन ती पिराजीला म्हणाली, "माणसं म्हंजे काय कडब्याच्या पेंढ्या हैत व्हय?"

"तुला काय करायचंय? आपण बेल द्यावा, गप बसावं," पिराजी म्हणाला. त्या माणसाचा सगळा जन्म गप बसण्यात चाललेला.

दोन हजार सालच्या निवडणुकीत वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. हंबीररावांनी सुनेला उभं केलं. पोरगी गरीब, नाव स्नेहल. गल्लीतल्या फलकावर तिचा हात जोडलेला फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, नि सासऱ्याचा दारातल्या झोपाळ्याएवढा. नवरा अमरसिंह मोटारसायकलीवरून हिंडे आणि आपणच नगरसेवक असल्यासारखा लोकांच्या गटारी बघून येई.

त्यातच त्रिपुरी पौर्णिमा आली. त्या दिवशी देवळात बायका वाती लावतात आणि सगळ्या वॉर्डाला प्रसादाचं जेवण असतं. हंबीरराव स्वतः बनाबाईच्या दारात आले.

"बनाक्का, देवळाच्या पटांगणात फरशी चाललीया. औंदा प्रसाद तालमीच्या हॉलमधी. आवतण दे तेवढं. एक उंबरा सोडू नकोस."

"मालक, निवडणूक तोंडावर हाय," बनाबाई म्हणाली. "त्यातलं काय न्हाय न्हवं?"

"देवाच्या प्रसादात कसली निवडणूक? आई अंबाबाईची आण!"

आण घातल्यावर बनाबाई काय बोलणार? ती देवभोळी बाई. देवाची आण कुणी खोटी घेईल, हे तिच्या मनातच येईना. तिथंच ती फसली. नेहमीसारखी वाटी घेऊन निघाली. मराठ्यांच्या ओसरीवर, वाण्यांच्या जोत्यावर, साखळीच्या फटीतून, पत्र्याच्या दारात, प्रत्येकाला नावानं हाक मारून आली. बागवान गल्लीत जैतूनबीनं खडीसाखर तोंडात टाकली नि हसून म्हणाली, "तुम बुलाये तो आनाच पडता, बनाक्का. नै तो तुम रास्ते में सबके सामने पूछती."

संध्याकाळी बायका आल्या, जेवल्या. पंगत उठली तेव्हा बाहेर जायचं मोठं दार बंद होतं. उघडं होतं ते मागचं लहान दार, आणि त्याच्या तोंडाशी ओळीनं तीन टेबलं मांडलेली. पहिल्यावर जोतिबाचा गुलाल नि नारळ. दुसऱ्यावर पिराची हिरवी चादर. तिसऱ्यावर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. पलीकडं प्रेशर कुकरची खोकी छतापर्यंत रचलेली. अमरसिंह बायकांना रांगेत लावत होता: "कुणाची गल्ली कुठली? नालंदा? तिसरं टेबल. बागवान, मधलं. हात ठेवायचा, स्नेहलला मत देतो म्हणायचं, कुकर घ्यायचा. पुढं चला, पुढं चला."

स्नेहल कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती, लग्नात दमलेल्या नवरीसारखी.

बनाबाई खरकट्या पत्रावळी उचलत होती. तिचं लक्ष पहिल्या टेबलाकडं गेलं. गुलाल ज्यात ओतला होता ते देवाचं तांब्याचं ताम्हण होतं. रोज पहाटे चिंचेनं तीच घासे ते. ज्यात महादेवाचं तीर्थ पडायचं, त्यात आता बायकांची मनगटं धरून दाबली जात होती.

तिसऱ्या टेबलापाशी यल्लव्वा उभी होती. तिनं फोटोवर हात ठेवला नव्हता. ती वळली. भरल्या हॉलमध्ये तिनं बनाबाईला विचारलं, "काय गं हे, बना? ह्याच्यासाठी बोलावलंस व्हय आम्हाला? ज्या माणसानं आम्हाला मताचा हक्क दिला, त्याच्याच फोटोवर आमची मतं बांधाय लागलाय?"

बनाबाईनं पहिल्या टेबलापाशी जाऊन ताम्हण उचललं आणि गुलाल शेजारी उभ्या हंबीररावांच्या पायाशी ओतला.

"खुळी झालीस का काय?" हंबीरराव ओरडले. "सगळ्या जातीची सोय केलीया की! कुणाच्या धर्माला धक्का लावला सांग!"

"धर्माला न्हाय, मालक," बनाबाईचा आवाज चिरकला. "माझ्या उंबऱ्याला लावला. ह्या बायका तुमच्या बोलावण्यानं आल्यात? माझ्या आल्यात."

ताम्हण पदराखाली धरून ती घरी आली. किती घासलं तरी गुलाबी डाग जाईना. तिला स्वतःच्या हाताचीच शिसारी आली. ज्या हातानं अक्षता ठेवल्या, तोच हात. यल्लव्वाचा तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. पुन्हा कुठल्या तोंडानं त्या चुलीपुढं बसायचं?

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं पिराजीला गाभाऱ्याला कुलूप घालायला सांगितलं.

"का गं? कोण मेलं?"

"आवतण मेलं. काल त्या हॉलच्या दारात. आपल्याला सुतक हाय."

पिराजी भ्यायला. "देव पारोसा ठेवायचा? कमिटी पूजा काढून घेईल!"

"आणि काल देवाला काय घातलं न्हाऊ? त्याच्यापेक्षा पारोसा बरा." बोलताना तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. लग्न झाल्यापासून खऱ्या सुतकाशिवाय देवाला पाणी चुकलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

मग ती निघाली. वाटी नाही, बेल नाही, कपाळाला कुंकू नाही. सुतकातल्या बाईसारखी पायरीच्या खाली उभी राहून प्रत्येक दारात सांगत गेली, "गुरवाच्या घरी सुतक पडलंय. काल सांजेपासनं."

थोरल्या बायकांना पुढचं सांगावं लागलं नाही. वाण्याच्या म्हाताऱ्या आक्कानं तोंडावर पदर घेतला, डोळे मात्र हसले. "काल सांजेपासनं? म्हंजे ते गुलालाचं..."

"देवापर्यंत पोचलं न्हाय," बनाबाई म्हणाली.

"बरं झालं, माय. कुकर मात्र चांगला हाय हं."

ते ऐकून बनाबाईच्या तोंडाची चव गेली.

जैतूनबीनं "पिराच्या चादरीला बी सुतक हाय काय गं?" म्हणून विचारलं आणि बनाबाई मान खाली घालून पुढच्या दाराकडं वळली. नालंदानगरात ती शेवटी गेली. यल्लव्वानं तिला पायरीखाली उभी बघितलं नि खेकसली, "तुझी सासू उभी राहायची तिथं, तशी काय उभी राहतीस? आत ये."

"सुतक हाय, यल्लव्वा."

"आम्ही न्हाय मानत. चहा घे."

ती आत गेली. पण चहा घशाखाली जाताना कडूच लागला.

मतदान झालं. स्नेहल निवडून आली. कुणी शपथ मोडली, कुणी पाळली, कोण जाणे. समोरच्या उमेदवारानंही पलीकडच्या गल्लीत मिक्सर वाटले होते म्हणे. मिरवणूक देवळाशी आली तेव्हा गाभाऱ्याला कुलूप होतं. नव्या नगरसेविकेच्या कपाळाला देवाचं गंध लावायला कुणी नव्हतं. पायऱ्यांवर, गटारीत, कुत्र्यांच्या पाठींवर गुलालाचा राडा. त्यात कुणी ओकलं होतं, तेही गुलाबी.

पिराजी म्हणाला तसंच झालं. कमिटीनं पूजा काढून घेतली नि त्याच्या गडमुडशिंगीच्या चुलतभावाला आणून बसवलं. बेल गेला, आवतण गेलं. तालमीच्या आसपासची दारं बनाबाई दिसली की लोटली जात. ती पत्रावळी लावून विकू लागली. रोज देवळाच्या भिंतीला बाहेरून हात लावून पुढं जाई. आत पाऊल टाकत नसे.

पाच वर्षांनी वॉर्डाचा नकाशा नव्यानं कापला. बागवान गल्ली एकीकडं, नालंदानगर दुसरीकडं. कुणाचा गठ्ठा कुठं पडला की कुणाचा घाटा होतो, हे बघून मारलेली कात्री ती. सोडत निघाली आणि तिकटीकडचा तुकडा ओबीसी बाईसाठी राखीव झाला. हंबीररावांकडं ओबीसी सून नव्हती. ते हातात नारळ घेऊन बनाबाईच्या दारात आले, मागं अमरसिंह फोटोवाल्याला घेऊन.

"बनाक्का, झालं गेलं गंगेला. तुझ्या तोंडावर सगळा वॉर्ड मत देतो. तू नुसती उभी राहा, बाकीचं आम्ही बघतो. पिराजीची पूजा उद्यापासनं माघारी."

आतल्या खोलीत पिराजी उठून दाराशी आल्याचं तिला ऐकू आलं. देवळात पुन्हा पाऊल टाकायचं, ताम्हण घासायचं, हे सगळं त्या नारळात होतं. तिनं नारळाकडं बघितलं. शेंडीला गुलाल चिकटलेला होता.

उभ्या आयुष्यात ज्यांना मालक म्हटलं, त्यांना ती परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "पावणं, पायरीखाली उभं राहा. ह्या घराचं सुतक अजून फिटलं न्हाय."