पुढे आलेली गाडी

माझं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच राहिलं, त्याची माफी असावी.

मस्कतला कामाला असलेल्या माझ्या मालकांनी, म्हणजे घरधन्यांनी, त्यांची मोटारसायकल जहाजाने पाठवली. बंदरावरून ती राजुरीला एक टेम्पोवाला घेऊन आला. त्याचं नाव विचारायची मला लाज वाटली. गाडीला त्याने स्वतःची गोधडी गुंडाळली होती. गाडी उतरवण्याआधी चपला काढून तो म्हणाला, "ताई, आधी लिंबू आणा. चाकाखाली ठिवू."

मी गाडीला हळदकुंकू लावत होते, तेव्हा जाऊबाई हसल्या. "सहा वर्सं माणसाची वाट बघितली, अन् आलं लोखंड!" माझा हात थांबला. मालक आता येत नाहीत, असंच गाव म्हणत होतं.

दोर सोडता सोडता टेम्पोवाला जाऊबाईंना म्हणाला, "मावशी, यायचं नसतं तर तिथंच इकली असती की."

गाडी बंदरावर अडकली तेव्हाचं जादा भाडं त्याने खिशातून भरलं होतं. माझ्याकडे निम्मेच पैसे निघाले. "ऱ्हाऊ द्या, मालक आल्याव घीन. ओतूरच्या स्टँडवरच असतो मी," म्हणत त्याने गोधडीची घडी केली.

दिवाळीनंतर मालक आले. दुसऱ्याच दिवशी मला त्याच गाडीवर मागे बसवून ओतूरच्या स्टँडवर गेले, आणि उरलेले सगळे पैसे त्यांनी स्वतः टेम्पोवाल्याच्या हातात दिले.