न धुतलेला पट्टा

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून कितीदा मनात आलं — आता तरी बोलावं — पण तोंडातून निघालं ते "पाणी देऊ का?" एवढंच. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

धंद्याने मी मोटारमिस्त्री. अलिबागेत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, तेव्हापासून. शिक्षण मराठी चौथी, बाकी सगळं कानाने शिकलो. वेताच्या काठीचं एक टोक गाडीला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि आत काय बिनसलंय ते वैद्याने नाडी बघून सांगावं तसं सांगायचं. लोक बघायला जमायचे. त्या कानाचा मला फार माज होता. आज माज म्हणतो; तेव्हा हुनर म्हणायचो.

दौलतदादा किहीमच्या एका नारळवाल्या शेठची लॉरी चालवायचा. मूळचा उरणकडचा, मिठागरात वाढलेला, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. त्याच्या घरात मिठागर सोडून मोटार हाती घेतलेला तोच पहिला. त्याचं त्याला किती अप्रूप! रोज सकाळी बॉनेटवर जास्वंदीचं फूल ठेवल्याशिवाय हँडल मारायचा नाही.

एकदा सकाळीच तो लॉरी घेऊन माझ्याकडे आला. ब्रेक दाबला की मागून खर्र आवाज येत होता. त्या गाडीला ब्रेक मागच्याच दोन चाकांना. "डाव्या चाकाला खरडतंय मिस्त्री," तो म्हणाला, "रेती न्हाय ती. लोखंड हाय."

चार माणसं उभी होती. मी काठी लावली, ऐकलं आणि हसलो. म्हटलं, "दादा, चाक उजवं आहे, आणि रेतीच आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी आणता, दुसरं काय होणार? दुपारी घेऊन जा." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

उजवं चाक उघडलं. चिमूटभर रेती निघाली. रॉकेलने धुऊन बंद केलं. आवाज तसाच. मग मुकाट्याने डावं उघडलं. चाकाच्या ड्रमला दाबून धरणारा ब्रेकचा पट्टा झिजून संपला होता आणि तो ठोकलेल्या रिबिटांची डोकी ड्रमवर घासून लोखंडात चर पडला होता. म्हणजे दादा म्हणाला ते शब्द न् शब्द खरं होतं.

इथवर गुन्हा नाही. कान कुणाचाही चुकतो. पण पुढे —

नवा पट्टा मुंबईहून यायला आठ दिवस लागत. तोवर आम्ही भातगिरणीचं यंत्र फिरवणारा जुना पट्टा कापून बसवायचो. इकडचे सगळे मिस्त्री तेच करत, आणि चालायचंही. पथ्य एकच. गिरणीचा पट्टा वर्षानुवर्षं तेल प्यालेला असतो. तो धुण्याच्या सोड्यात उकळायचा आणि दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवायचा. आत तेल राहिलं तर ब्रेक तापल्यावर ते वर येतं, आणि ब्रेक धरायचा सोडून नुसता घसरतो. हे मला ठाऊक नव्हतं का? मीच तर दुसऱ्यांना शिकवायचो.

पण मी दुपारचं सांगून बसलो होतो. दोन दिवस मागितले असते, तर दादाने का म्हणून विचारलं असतं. मग त्याच चौघांसमोर म्हणावं लागलं असतं — डावंच चाक होतं, लोखंडच होतं. तेवढं मला जमेना. मी पट्टा फडक्याने पुसला आणि दोन्ही चाकांना बसवला. दुपारी दादा आला. सपाट रस्त्यावर गाडी जागच्या जागी थांबली, आवाजही गेला. "रेतीच होती," मी म्हणालो. दादाने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी भरल्या लॉरीचा ब्रेक कार्ले खिंडीच्या उतारावर लागेना. समोर बैलगाडी होती. दादाने लॉरी डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून बैलगाडीतली माणसं वाचली. त्याचा पाय मोडला. नारळ उतारभर घरंगळले.

शेठने मला तिथे नेलं आणि गाडी तपासायला सांगितली. दादा रस्त्याच्या कडेला पाय बांधून बसला होता. मी चाक उघडलं. पट्टा काळाकुट्ट, चकचकीत, तेलाने ओला. तो वास अजून नाकातून गेलेला नाही. मी चाक बंद केलं आणि म्हणालो, "ब्रेक ठीक आहे. गिअर काढून उतरवली असणार."

पेट्रोल वाचवायला बरेच ड्रायव्हर उतारावर तसं करत, आणि मग भरलेली गाडी आवरत नसे. दादाने कधी केलं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

तो चिडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यावरचं उत्तरही मी तयार ठेवलं होतं. तो मात्र आपल्या हाताकडे बघू लागला. मग म्हणाला, "मना तं गेर काढल्याची याद न्हाय. पन तू सांगतस तं तसाच असल."

शेठने त्याला त्याच दिवशी काढलं. पाय वाकडाच जुळला. तो उरणला परत गेला, मिठागरात. आणि मी? मी गिरणीचाच दुसरा पट्टा, या वेळी धुऊन, वाळवून बसवला. माझं नाव आणखी वाढलं.

दहा वर्षांनी उरणला कामासाठी गेलो, तर चहाच्या दुकानात दादा भेटला. लंगडत उठून त्याने मला हाताला धरून बसवलं. शेजारी दोन लॉरीवाले होते. "ह्यो मिस्त्री," त्याने त्यांना सांगितलं, "ह्याचा कान कधी खोटा न्हाय परायचा." मग आपली गोष्ट सांगू लागला — "खिंडीन मी गेर काढला व्हता. दुसऱ्या वळनावर. तुमी काढू नका."

दुसऱ्या वळणावर. आता त्याला वळणसुद्धा आठवत होतं.

मी चहा प्यालो. निघताना त्याने फडक्यात बांधून आपल्या हातचं मीठ दिलं. घरी आल्यावर ते आम्ही जेवणात वापरलं. चांगलं होतं.

दादाने गिअर काढला नव्हता. पट्टा मी धुतला नव्हता. दादा अजून आहे. रेवसहून करंज्याला रोज होडी जाते, पलीकडे उतरलं की उरण. मी पुन्हा गेलेलो नाही.