एका चहाला एकच प्रश्न

गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक त्याच्या हातांवरून ओळखतात. यांना मात्र कानावरून ओळखायचे, म्हणून नाव पडलं कानसेन. खरं नाव बायकोलासुद्धा एखादा फॉर्म भरताना आठवायचं. चाळीस वर्षं हा माणूस जुन्या युरोपियन स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त करत आला. त्या बसक्या, लांब नाकाच्या गाड्या हो, जागा दोघांची आणि नखरे शंभर जणींचे! हातभर रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं डाव्या कानात घालायचं आणि डोळे मिटायचे. कार्ब्युरेटर म्हणजे जिथे हवा आणि पेट्रोल एकत्र होतं ती जागा. असे दोन असले, की दोघांचा श्वास सारखा चालावा लागतो, नाहीतर गाडी लंगडते. कानसेन ऐकत ऐकत स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करायचे आणि म्हणायचे, ‘हं, आता भांडण मिटलं.’

मुलाला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. चिरंजीव दातांचे डॉक्टर झाले. पण देव एका हाताने नेतो आणि दुसऱ्याने देतो म्हणतात ना, तसं झालं. चिरंजीवांनी लग्न केलं ते नेमकं जपानी गाड्यांचा वेग वाढवून देणाऱ्या मुलीशी! तीन वर्षांपूर्वी सूनबाईंनी आपला लॅपटॉप, आपली हत्यारं आणि जमिनीत बसवायचे दोन भलेमोठे रोलर आणले आणि सासऱ्यांच्या शेडचा अर्धा भाग घेतला. त्या रोलरवर गाडीची चाकं ठेवली, की गाडी जागची हलत नाही, पण शंभराच्या वेगाने धावते. कानसेनांनी स्वतः ब्रश घेऊन शेडच्या मधोमध पांढरा पट्टा ओढला. पट्ट्याच्या अलीकडे लॅपटॉप यायचा नाही, हा त्यांचा नियम. पट्ट्याच्या पलीकडे तेल गळणारी गाडी यायची नाही, हा तिचा. म्हणजे कानसेनांची एकही गाडी पलीकडे जाणं शक्य नव्हतं.

नियम केला खरा, पण कुतूहल काही पट्ट्याला जुमानेना. सूनबाई बाहेर गेली, की कानसेन हात पाठीमागे बांधून पलीकडे जायचे आणि वाकून वाकून बघायचे. एवढंसं इंजिन, आणि ताकद दोन इंजिनांची! हे खातं तरी काय? मग प्रश्नांचा भडिमार सुरू व्हायचा. शेवटी सूनबाईने हात जोडले.

‘बाबा, एका चहाला एकच प्रश्न. नाहीतर माझं काम व्हायचं नाही.’

तेव्हापासून तो रिवाजच पडला. चार वाजता पट्ट्यावर दोन स्टुलं मांडायची, थर्मासमधून चहा ओतायचा आणि कानसेनांनी दिवसभर घोळवलेला प्रश्न विचारायचा.

‘तुझ्या त्या टर्बोत असतं काय?’

‘पंखा असतो, बाबा. इंजिनातून बाहेर पडणारा धूर तो पंखा फिरवतो आणि पंखा आणखी हवा आत कोंबतो.’

कानसेन दोन दिवस विचार करत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे स्वतःच सोडलेल्या श्वासावर धावते! लबाड आहे गं तुझी जपानीण.’

एकदा विचारलं, ‘तुझी गाडी कधी रुसत नाही?’

‘रुसते की. पण कशासाठी रुसली ते लॅपटॉपवर लिहून देते.’

‘मग संसारात मजा काय राहिली?’ कानसेन म्हणाले, आणि दोघंही चहा सांडेस्तोवर हसले.

घरी मात्र ते बायकोकडे कुरकुरायचे, ‘पोरगी गुणाची आहे, पण बोलते किती मोठ्याने! त्या टर्बोच्या आवाजात राहून सवय लागली असणार.’ बायको नुसती भाजी निवडत राहायची.

आता खरी गोष्ट सांगतो. कानसेनांचा कान जात होता. त्यांना ते ठाऊक होतं आणि ते कुणालाही सांगत नव्हते. दाराची बेल ऐकू येईना, तेव्हा त्यांनी बेलच बदलली. नवी बेलसुद्धा मुकी निघाली, तीही बदलली. तिसरी बेल आणली, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, ‘अहो, बिचारीचा काय दोष?’ पण तेही त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कारण त्यांनी शपथ घेतली होती. त्यांचे वस्ताद म्हातारपणी थरथरत्या हातांनी काम करत बसायचे आणि गिऱ्हाईक समोर मान डोलवून मागे हसायचं. तरुण कानसेनांनी ते बघितलं होतं. तेव्हाच चारचौघांत म्हणून गेले होते, ‘ज्या दिवशी माझा कान जाईल, त्या दिवशी शटर खाली.’ पुढे हे वाक्य त्यांनी शंभरदा तरी ऐकवलं असेल. आता ते गळ्यात अडकलं होतं. शटर खाली ओढलं तर सकाळी उठून जायचं कुठे, या विचाराने त्यांचा जीव अर्धा व्हायचा.

अशात मास्तरीणबाईंची हिरवी गाडी आली. बाई भूमितीच्या, आता निवृत्त. गाडी त्यांच्या वडिलांची, साठ वर्षांची. दर वर्षी एका रविवारी जुन्या गाड्या डोंगरमाथ्यापर्यंत चढवण्याचा कार्यक्रम असे आणि वडील गेल्यापासून बाईंनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. कानसेनांनी नळी लावून श्वास जुळवले. हवेच्या झोताची जाणीव बोटांनाही होते, त्यावर निभावलं. मग ठिणगीची वेळ लावायला घेतली. ही त्यांची खास पद्धत होती. ठिणगी जितकी लवकर पडेल तितकी गाडी जोर धरते. पण फारच लवकर पडली, तर पेट्रोल भलत्या वेळी पेटतं आणि आतून टिनाच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. कानसेन गाडी चढावर न्यायचे, ठिणगी थोडी थोडी अलीकडे आणायचे, खडे वाजले की राईएवढी मागे घ्यायचे. बस्स. चाळीस वर्षांत ना कुठलं यंत्र लागलं, ना कधी चूक झाली.

या वेळी खडे वाजलेच नाहीत. कानसेन खूश झाले. काय तब्येत आहे म्हातारीची! आणखी थोडं अलीकडे, आणखी थोडं.

शुक्रवारी सकाळी बाई गाडी घेऊन परत आल्या आणि वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘अहो, चढावर टिकटिक वाजते. डब्यात खडे भरल्यासारखं.’

कानसेनांनी बाईंना शेजारी बसवून गाडी चढावर नेली आणि आणली. ‘कुठे काय? बाई, मनाचे खेळ तुमचे.’

‘आत्ता वाजत होतं,’ बाई म्हणाल्या.

‘बाई, गाड्या ऐकण्यात माझी हयात गेली.’

बाईंनी गाडी तिथेच सोडली आणि ‘उद्या येते’ म्हणून रिक्षाने गेल्या. कानसेन स्टुलावर बसले. बाई आयुष्यात कधी उगाच बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात पलीकडे नजर गेली. सूनबाईने एक पांढरी जपानी गाडी रोलरवर चढवली होती. लॅपटॉप उघडा होता, आकडे धावत होते आणि हिच्या कानांवर हे एवढाले हेडफोन! चहाची वेळ व्हायची होती, पण कानसेनांना धीर निघेना. ते पट्टा ओलांडून गेले.

‘काम चालू असताना गाणी ऐकतेस?’

सूनबाईने हेडफोन खाली केले. ‘गाणी कसली! इंजिन ऐकतेय. तो छोटा माइक बघा, इंजिनाच्या अंगाला आवळलाय.’

‘का? तुझा लॅपटॉप सगळं सांगतो ना?’

‘सांगतो. पण कधीकधी तो नुसत्या खडखडाटाला खडे समजतो आणि खऱ्या खड्यांना सोडून देतो. शेवटची खात्री कानानेच करावी लागते, बाबा.’

कानसेन आ वासून बघत राहिले. तीन वर्षं ज्या पट्ट्यापलीकडे सगळं आकड्यांवर चालतं असं ते धरून चालले होते, तिथेही शेवटी कानच होता!

‘बघू,’ ते म्हणाले. तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले, आवाजाचं बटण बरंच पुढे फिरवलं आणि गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबला.

अरे बाप रे! आत अख्खा बाजार भरला होता. झडपांची टपटप, पंख्याची शीळ, तेलाची सळसळ, सगळं वेगवेगळं आणि लख्ख. सूनबाईने लॅपटॉपवरून मुद्दाम क्षणभर ठिणगी लवकर पाडली. खडे! तेच खडे, डब्यातले. जुना मित्र गर्दीत भेटावा तसं कानसेनांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना कळलं, की हिरवीतही हाच आवाज असणार आणि तो त्यांना ऐकूच आला नव्हता.

हेडफोन काढून ते म्हणाले, ‘हिरवीला इथे आणतो.’

‘तेल गळतं तिचं.’

‘ट्रे ठेव.’

सूनबाईने ट्रे ठेवला. पांढरा पट्टा ओलांडून हिरवी गाडी रोलरवर चढली. माइक लागला, कानसेन बॉनेटशी उभे राहिले आणि सूनबाईने गाडीला खोटा चढ दिला. पहिल्या दाबातच असे खडे कोसळले, की कानसेनांनी दोन्ही हात वर करून तिला थांबवलं. चेहरा उतरला. तिने ठिणगीचा प्लग काढला आणि भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. पिस्टनच्या कडेला देवीच्या व्रणांसारखे खळगे पडू लागले होते.

‘वाचली,’ सूनबाई म्हणाली. ‘परवा डोंगर चढली असती तर भोकच पडलं असतं.’

प्लग पुन्हा बसला. हेडफोन घालून त्यांनी स्वतःच्या हाताने ठिणगी मागे, मागे आणली. खडे थांबले, तेव्हा राईएवढी आणखी मागे घेऊन पाना आवळला. हात जराही थरथरला नाही.

शनिवारी दुपारी बाई आल्या. कानसेन त्यांच्यासमोर उभे राहिले, हात पुसत, पुसून झालेले हात पुन्हा पुसत.

‘बाई, वाजत होतं. तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हालाच खोटं पाडलं. माझा कान गेलाय. गाडी आता नीट आहे, पण... मी मागे एक शब्द बोलून बसलोय. शटर...’

‘मला छत्तिसाव्या वर्षी चष्मा लागला,’ बाई म्हणाल्या. ‘मी काय भूमिती शिकवायची सोडली? किल्ली द्या.’

गाडी गेली. चार वाजले होते. पट्ट्यावर स्टुलं मांडली गेली, चहा ओतला गेला. इतक्यात चिरंजीवांचा फोन आला आणि सूनबाई तिथेच बसून नवऱ्याशी बोलू लागली. कानसेन सहज बघत होते. तिचे ओठ हलत होते, ती हसत होती, मान हलवत होती. हातभर अंतरावर बसलेल्या कानसेनांना त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. तिने फोन ठेवला आणि नेहमीच्या त्या दणदणीत आवाजात विचारलं, ‘हं बाबा, आजचा प्रश्न?’

कानसेनांनी कप खाली ठेवला.

‘तू सगळ्यांशीच एवढ्या मोठ्याने बोलतेस का गं?’

सूनबाईने थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. ‘नाही बाबा. फक्त तुमच्याशी.’

कानसेन पुढे झुकले. ‘कधीपासून?’

‘एका चहाला एकच प्रश्न.’

कानसेनांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि रिकामा कप तिच्यापुढे धरला. ‘ओत अजून,’ ते म्हणाले.