लंगराला मोटार

या जगात मोटार बसवता येणार नाही अशी एकही वस्तू नाही, असं मनापासून मानणारा मी एकच माणूस पाहिला, आणि तो नेमका माझ्याच नात्यात निघाला. माझे फुवा. फुवा म्हणजे आमच्या खान्देशात आत्याचा नवरा, आणि आत्या ती फुई. पारोळ्याच्या पुढे, धरणाच्या पाण्याला खेटून माझं माहेर आहे. आमच्या आजोबांच्या विहिरीवरची मोटार जळाली म्हणून हे जावईबापू एका दिवसासाठी आले ते राहिलेच. एसटी स्टँडमागे मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं, तिथेच केस पांढरे झाले, पण गाव त्यांना शेवटपर्यंत ‘पाव्हना’च म्हणत राहिलं. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. पाव्हना म्हटलं की चहा फुकट मिळतो, असं ते म्हणायचे.

फुईच्या ताकाच्या रवीला त्यांनी मोटार बसवली तेव्हा लोणी आढ्याला जाऊन चिकटलं. माझ्या थोरल्याच्या पाळण्याला बसवली, तर पोराला घरघर ऐकल्याशिवाय झोपच येईना. सासरी जळगावला परत आल्यावर मी त्याला मांडीवर घेऊन कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसायची, आणि येणारी जाणारी मला विचारायची, दळण कुठंय? एका आखाजीला तर कहर झाला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा माहेरवाशिणींचा सण, झोके आणि गाणी. फुवांनी चिंचेच्या झोक्याला मोटार लावली. झोका जाई-येई अगदी शिस्तीत, पण गाण्याची ओळ लांबली तरी तो थांबेना आणि आखूड झाली तरी घाई करीना. शेवटी फुईच कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मंग आते गानाले बी मोटर बसाडा!” फुवा खरोखरच विचारात पडले. मोटार काढली, पण दोन दिवस आमच्याशी नीट बोलले नाहीत.

बाकी त्यांचे कान म्हणजे काय सांगावं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कोणी काही बोललं तर हात वर करून गप्प करत. “ती काय म्हनस ते आयकू दे पहिले.” मग बेअरिंग, बुश, वायंडिंग, जे असेल ते नाव घेऊन सांगायचे. माणसांनाही हीच मोजपट्टी. आमचे हे पहिल्यांदा सासरी आले, त्यांच्याशी पाच मिनिटं बोलून फुवा मला बाजूला घेऊन म्हणाले, “मानूस चांगला शे बाई, फक्त चालू व्हवाले येळ लागस.” आता इतकी वर्षं संसार करून मला त्यात एक अक्षर बदलावंसं वाटत नाही.

असा हा माणूस, आणि फुई गेली ती त्यांच्या शेजारच्या खाटेवर, झोपेत. तिला महिनाभर धाप लागत होती, ती कोणाला बोलली नव्हती. दहाव्याला सगळी मंडळी बसलेली असताना फुवा भिंतीकडे बघत म्हणाले, “गावन्या बठ्ठ्या मोटरी माले आयकू येतस. हिनी धाप तेवढी आयकू नही उनी.”  मी उठून आत गेले आणि खूप रडले. त्यानंतर फुवांनी दुकान उघडलंच नाही. लोक जळालेल्या मोटारी बैलगाडीत घालून आणत आणि तशाच पारोळ्याला नेत.

त्या दिवसांत त्यांच्याकडे रोज येणारा माणूस एकच, नाना. नाना धरणात मासे धरायचे. त्यांची लहानशी लाकडी नाव होती, आणि फुई होती तोवर रोजच्या माशांतला एक वाटा तिच्या चुलीवर ठरलेला. फुई गेल्यावरही नाना संध्याकाळी यायचे, दोघं अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसायचे. पुढे दिवाळीनंतर नानांना लकवा मारला. जिवावरचं निभावलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. आता नाव एका हातानं कशीबशी वल्हवता येईल, पण लंगर कसा उचलणार? धरणाचा गाळ काळ्या मातीचा, लंगर एकदा रुतला की दोन हातांनी ओढून माणूस घामाघूम होतो. नानांचा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. त्यानं सांगून टाकलं, बाबा, आखाजी झाली की मी न्यायला येतो. नानांनी हे ओट्यावर बसून फुवांना सांगितलं.  फुवा म्हणाले, “लंगरले मोटर बसाडू. मोटर बसू दे, मंग जाय कुठे जानं शे तठे.”

आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

हे मला वडिलांनी कळवलं तेव्हा मला हसूही आलं आणि हायसंही वाटलं. मी सवड काढून जाऊन बघते तर काय, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. भंगारातल्या जीपचा स्टार्टर, ट्रॅक्टरची बॅटरी, दाराच्या बेलचं बटन आणि मोडीत निघालेल्या रसवंतीच्या चरकाची दातेरी चाकं. चरकाला बांधलेले घुंगरू सुद्धा तसेच. मी म्हटलं, फुवा, हे घुंगरू तरी काढा, मासे पळून जातील. ते म्हणाले, घुंगरू चाकाबरोबर आलेत, आपण कोण काढणारे.

दुसरी गंमत म्हणजे जन्मभर विहिरींच्या काठावर काम करणारा हा माणूस पाण्याला भयंकर भ्यायचा. पोहता येत नव्हतं. नावेत काम करायचं तर कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, बांधायचे आणि सोलाचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीला. नाव जरा हलली की आधी बाभूळ जागेवर आहे का ते बघायचे. नाना हसायचे नाहीत. त्यांना हसायचं सोडून बरेच दिवस झाले होते.

पहिल्या खेपेला फुवांनी मोटार बसवली ती नावेच्या मधल्या भागात, एका कडेला. विहिरीवर कशी काठाला बसवतात, अगदी तशी. बटन दाबलं, चाकं फिरली, घुंगरू वाजले, दोर ताणला, पण गाळातला लंगर जागचा हलेना, म्हणून नावच त्याच्याकडे वाकायला लागली. वाकली, वाकली, आणि पाव्हने बॅटरीसकट पाण्यात. पाणी छातीइतकं होतं, पण फुवांनी जो आरडाओरडा केला तो स्टँडपर्यंत ऐकू गेला म्हणतात. नानांनी एका हातानं सोल ओढून त्यांना वर घेतलं. “एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?” असं मी नंतर विचारलं, तर चिडून म्हणाले, “बाई, जनमभर मोटरी काढ्यात. हिर कधी कलनी नही!” हीर म्हणजे विहीर. या बोलण्यावर नाना हसले, लकव्यानंतर पहिल्यांदा, वाकड्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईतो.

मग मोटार नावेच्या नाकाशी न्यायची ठरली. आणि इथून पुढे माझं डोकं फिरायला लागलं. जो माणूस जळालेली मोटार सकाळी घेऊन संध्याकाळी वायंडिंग भरून देई, तो हे एवढंसं काम महिनोन्‌महिने पुरवत होता. आज बसवायची, उद्या आवाज बरोबर नाही म्हणून खोलायची. पुन्हा भरायची, पुन्हा खोलायची. नाना शेजारी बसून डाव्या हातानं पाने-पक्कड देत. मी म्हटलं, अहो, आखाजी तोंडावर आली, ती मोटार आहे का पैठणी? फुवा म्हणाले, “तुले नही समजाव. ती आजून काही म्हनस.”

शेवटी आखाजीच्या दिवशी ती बसली. काठावर निम्मं गाव जमलेलं, नारळ फुटला, सुरतेहून आलेला नानांचा मुलगा पण होता. नावेत नाना, फुवा आणि मी. फुवांनी बटन नानांच्या डाव्या हाताखाली धरलं. नानांनी दाबलं, चरक फिरला, घुंगरू वाजले आणि गाळानं काळाभोर झालेला लंगर आपला आपण वर आला. काठावर टाळ्या पडल्या. नानांनी पुन्हा सोडला, पुन्हा वर घेतला. चार वेळा खेळ झाल्यावर त्यांनी बटन फुवांच्या हातात दिलं आणि आपल्या मेलेल्या हाताकडे बघून अगदी हळू म्हणाले, “पाव्हना, लंगर उना वर. आते जाळं फेकाले मोटर कोन बनाडी?”

 जाळं दोन्ही हातांनी गोल उडवून फेकायचं असतं, ते एका हाताचं काम नाही, हे मला शेंबडी पोर होते तेव्हापासून माहीत. आम्हा कोणाच्याच डोक्यात कसं आलं नाही?

फुवा म्हणाले, “माले मालूम व्हतं.”

“मंग बनाडी कसाले?”

“मोटर व्हत नही तवलोंग तू जात नही, म्हनीसन.”

 “माले बी मालूम व्हतं,” नाना म्हणाले. “तू काम करी ऱ्हायंता, म्हनीसन मी थांबना.”

काठावरची माणसं अजून टाळ्या वाजवत होती. मी पदर डोळ्यांना लावला.

तिसऱ्या दिवशी नाना सुरतेला गेले. नाव फुवांना देऊन गेले, ज्यांना पोहता येत नव्हतं त्यांना.  स्टँडवर गाडी सुरू झाली तेव्हा फुवांनी मान तिरकी केली, इंजिनचा आवाज ऐकला आणि ड्रायव्हरला सांगितलं, गियर जपून टाक, पेशंट शे आत.

पुढच्या आखाजीला मी माहेरी आले त्याआधीच नाना गेल्याचं सुरतेहून कळलं होतं. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वडिलांनी फुईची घागर मांडली होती, नैवेद्य थांबला होता, आणि फुवांचा पत्ता नाही. मी धरणावर गेले. काठापासून थोड्या अंतरावर नावेत बसले होते, कमरेला सोल, सोलाचं टोक बाभळीला. मी हाक मारली, फुवा, चला, घागर पुजायची आहे.

त्यांनी हात हलवला आणि उठले. दोर चाकावरून सोडवून घेतला आणि लंगर हातानं ओढायला लागले. सत्तरीचा माणूस, ओढतोय, थांबतोय, दम घेतोय. घुंगरू वाजले नाहीत. मला वाटलं, बॅटरी उतरली असेल. मी विचारलं, “बॅटरी संपली का?”

“बॅटरी भरेल शे,” ते तिकडूनच म्हणाले. “मोटरवर लवकर येस.”

मी बाभळीखाली बसले. म्हटलं, सावकाश या.