हौदातले पाणी

आमच्या गावात अजून कुणाचे सांधे धरले की लोक म्हणतात, ‘मेंढरवाल्यांनी आणलेला ताप.’ हे बोलणे मी सुरू केले होते. ते खोटे आहे.

मी मारुतीच्या देवळाचा पुजारी. देवळापुढे दगडी हौद होता. डेंगू-चिकुनगुन्याच्या साली ग्रामपंचायतीने दवंडी दिली, आठवड्यातून एक दिवस घरोघरचे रांजण कोरडे करा. सगळ्यांनी केले. मी हौद रिकामा केला नाही. डास गटारात होतात, देवाच्या पाण्यात कसे होतील, असे मी म्हणे. पण त्या स्वच्छ पाण्यात बारीक अळ्या वळवळत वर-खाली करताना मला दिसत होत्या. तीर्थासाठी पाणी घेताना मी तांब्याच्या तोंडाला फडके बांधत असे.

ताप आधी देवळाच्या गल्लीत आला. शेजारच्या रानात खतासाठी मेंढरे बसवली होती. मेंढरवाल्यांतली एक बाई रोज हौदावर पाणी भरायला येई, तीही तापाने पडली. पारावर लोकांनी मला विचारले. मी म्हणालो, “मेंढरं बसल्यापासून सुरू झालंय हे.”

दुसऱ्या दिवशी गावाने मेंढरवाल्यांना रान सोडायला सांगितले. ती बाई देवळापाशी आली. तिची बोटे मिटत नव्हती, उघडत नव्हती.

“काहून हो महाराज, मेंढरं तर दरसाल बसत्यात. ताप याच साली काहून आला?”

मी पाठ फिरवून देवाची समई पुसू लागलो. तिचा नवरा म्हणाला, “चल. महाराज देवाशी बोलत्यात, आपल्याशी न्हाई.”

पुढे नात परभणीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकू लागली. एकदा तिने समजावले. विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरही प्रथिने असतात, ती पेशीच्या स्वतःच्या कामाची. काटा त्यांच्यावर नेमका बसला की पेशी त्या विषाणूला आपणच आत ओढून घेते. सांध्यांतल्या पेशींवर असे एक प्रथिन असते, म्हणून चिकुनगुन्या तिथे धरतो.

“म्हणजे तो फोडून शिरत नाही?”

“नाही आजोबा. पेशीला तो ओळखीचाच वाटतो.”

“आणि मेंढरं?”

“त्यांचा काय संबंध? आजारी माणसाला चावलेला डास दुसऱ्याला चावतो, तेवढंच.”

मला पार आठवला. त्या दिवशी कुणीही मला उलटा प्रश्न केला नव्हता. देवळातल्या माणसाचा शब्द, म्हणून घेतला.

नंतर नरसीच्या रस्त्यावर ती बाई भेटली. पूर्वी ती घोंगडीची लोकर कातायची; आता बोटांत चाती ठरत नव्हती. मी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले.

“मला काहून सांगून राहिले? मला ठाऊकच व्हतं. गावाला सांगा.”

गावाला सांगायला मला इतकी वर्षे लागली. तापानंतरच्या उन्हाळ्यात मी तो हौद बुजवला होता. लोकांनी कारण विचारले तेव्हा दगड फुटला म्हणालो. दगड फुटला नव्हता.