अंगावरचा कापूस

बँकेच्या दारात शिपायाने मला केरसुणीने झाडलं. डोक्यापासून पायापर्यंत. धुळ्यातला बाजाराचा दिवस, आत-बाहेर माणसं उभी. "भाऊ, साहेबनी सांगेल शे. झाडीसन मझार जा," तो खालमानेने म्हणाला. आत जायचं तर झाडूनच. मी पिंजारी. गाद्या भरणाऱ्याच्या अंगाला कापूस चिकटायचाच. मी हात वर करून गपगुमान उभा राहिलो.

याच साहेबाने वर्षभरापूर्वी कर्जमेळ्यात माझ्या गळ्यात हार घातला होता. तेव्हाही अंगावर कापूस होता. पण समोर फोटोवाला होता, म्हणून चालला.

कर्ज होतं कापूस पिंजायच्या मशीनसाठी. पैसे माझ्या हातात आलेच नाहीत. बँकेने परस्पर जळगावच्या व्यापाऱ्याला दिले. व्यापारीही साहेबानेच ठरवलेला. मशीन चांगल्या स्थितीत मिळालं, अशी माझी सही मेळ्यातच घेतली. मशीन आलं नंतर. हिरवंगार. रंगाचा वास अजून जात नव्हता. मी खुळा, खूश झालो.

आमच्या घरात नवं हत्यार पहिल्यांदा लेकीबाळीच्या कामाला लावायची रीत. भाचीचा निकाह होता. तिच्या गाद्यांचा कापूस मी त्याच मशीनवर पिंजला. रंगाचे पोपडे कापसात पडले, ते हाताने वेचले. पोपड्यांखालचा गंज काही वेचता आला नाही. सासरच्यांनी गादी उसवली, तांबूस कापूस पाहिला आणि म्हणाले, मामाने जुन्या गाद्यांचा कापूस भरला. भाची रडत माहेरी आली. मग गिऱ्हाईक तुटलं, मशीनचे दात तुटले, हप्ते थकले.

म्हणून त्या दिवशी बोलावणं होतं. साहेबासमोर खुर्ची रिकामी होती. मला बस म्हटलं नाही.

"नवं कर्ज देतो, जुनं त्यातच फिटेल. फक्त लिहून दे, मशीन नवं होतं, तुझ्या हातून बिघडलं."

"मशीन जुनंच होतं, साहेब. वरून रंग दिलेलं."

"मग सही कशाला केलीस?"

"मशीन यायच्या आधी तुम्हीच घेतली."

तो हसला. "तुझं कोण ऐकणार? आरशात बघ एकदा."

चोर तो आणि झाडून घ्यायचं मी. डोकं तापलं. त्याने हातात दिलेला पेन परत टेबलावर ठेवला. "नाही लिहीत," म्हणालो आणि बाहेर पडलो.

दुकानाला कुलूप लागलं. वरच्या साहेबांकडे केलेले अर्ज फिरून याच साहेबाकडे आले. जामीन राहिलेल्या मेहुण्याने बोलणं टाकलं. आता अब्बांचं जुनं पिंजण खांद्यावर टाकून मी गल्लोगल्ली फिरतो. कुणी बोलावतं, कुणी नाही.

बँकेने जप्त केलेलं मशीन त्याच व्यापाऱ्याने भंगाराच्या भावात उचललं. पुढे चाळीसगावच्या एका पिंजाऱ्याला कर्जावर मशीन मिळाल्याचं कानावर आलं. मी बघायला गेलो. निळं होतं. नखाने खरवडलं. खाली हिरवा रंग.

माझं दुकान परत येणार नाही, हे मला कळतं. त्या चाळीसगाववाल्याचंही जाणार. त्याने सही आधीच केली होती. पण पुढचा मेळा यावलला भरो की फैजपूरला, मी मांडवाच्या दारात उभा राहणार. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगणार, आधी मशीन बघ, नखाने खरवड, मग सही कर. अंगावरचा कापूस झटकणार नाही. आणि कुणी केरसुणी घेऊन आलं, तर या खेपेला माझे हात वर जाणार नाहीत. केरसुणी धरतील.