हाकेला उठून जाणारे साडू

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दर रविवारी मासे धरायला जाणारा आणि जन्मात एकदाही मासा न चाखलेला माणूस एकच असेल, आणि ते माझे थोरले साडू, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्या दोघांच्याही घरी मासळीचं नुसतं नाव निघालं तरी बायका ओटा धुवून काढतात. अशा घरातला हा माणूस पंधरा वर्षं दर रविवारी पहाटे मोटारसायकलवर मला मागं बसवून नळदुर्गच्या बाजूला बोरीच्या पाण्यावर जात आला. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. जमीन मोजणीच्या कचेरीत ते मोजणीदार आहेत. आठवडाभर दुसऱ्याच्या बांधावर उन्हात उभं राहून भावाभावांच्या शिव्या ऐकायच्या, त्यामुळं रविवारी त्यांना पाणी लागायचं. “इथं कुणी म्हणत न्हाय का मोजणी चुकली,” असं ते गळ टाकताना समाधानानं म्हणायचे.

त्यांची मासेमारी बघून मासेच हसत असतील असा माझा संशय आहे. गांडुळाचा जीव घ्यायला नको म्हणून ते कणकेचे गोळे लावत. ही कणीक आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, मुंग्यांना घालायची म्हणून भक्तिभावानं मळून देत. गळाच्या काट्याला टोक असू नये म्हणून अण्णांनी तो कानशीनं घासून घासून बोथट केलेला. तरीही एखादी अगदीच आळशी चिलापी लागली, तर ते आधी स्वतःचा हात पाण्यात बुडवून ओला करत, तिला अलगद सोडवत, आणि “जा बाई, चूक झाली” म्हणून परत पाण्यात ठेवत. जाळं लावणारे लोक त्यांना मोजणीचे सायेब म्हणत नसत, अन्नछत्रवाले सायेब म्हणत. त्यांच्या पिशवीत एका गळाशिवाय पन्नास हात लांब, विहिरीला लावतात तसला जाड दोर कायम असे. माशाला दोर कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, असावा. तो दोर मांडीवर घेऊन गाडीवर मागं बसायचं काम पंधरा वर्षं माझ्याकडं होतं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्यांची एक सवय होती आणि तिची मला मनातून भीती वाटायची. तास-दीड तास सगळं ठीक चाले. मग गळाच्या तरंगत्या बुचावर नजर असतानाच त्यांची मान हळूच एका बाजूला कलायची. दूर कुणाचं तरी बोलणं ऐकावं तशी. वारा नसायचा, पाणी काचेसारखं पडलेलं, बगळासुद्धा नसायचा. अण्णा गळ खाली ठेवून उठत, दोराची पिशवी खांद्याला लावत आणि काठाकाठानं चालू लागत. बाभळीच्या पलीकडं दिसेनासे होत. अर्ध्या तासानं पायाला चिखल लावून परत येत. कोण होतं, असं विचारलं की म्हणत, “कुणी न्हाय.” हे सांगताना त्यांचा चेहरा सुटलेला असायचा, परीक्षेत पास झाल्यासारखा. सुरुवातीलाच त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, “पाण्याकडनं हाक आली तर ओ द्यायची न्हाय, पाव्हणं. गप उठून बघून यायचं. पण बघून यायचंच.”

एकदा त्यांच्या गळाला परातीएवढा कटला लागला होता. आयुष्यातला तो त्यांचा एकमेव मोठा मासा. नेमकी त्याच क्षणी त्यांची मान कलली. ते उठून गेले, आणि कटला गळ, काठी, बूच सगळं घेऊन माझ्या डोळ्यांसमोर निघून गेला. दुसऱ्यांदा आम्ही हैदराबाद रस्त्यावरच्या धाब्यावर जेवत होतो. ट्रकांच्या भोंग्यांनी एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्या गोंगाटात हा माणूस भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून उठला आणि उताराला लागून नदीकडं गेला. धाबेवाल्यानं मला विचारलं, सायबाला काही होतं का. मी पित्ताचा त्रास आहे म्हणून सांगितलं. खरं सांगायचं तर तोपर्यंत मलाही पाण्याकाठी एकटं बसवत नव्हतं. ते बाभळीआड गेले की मी मोठ्यानं पाढे म्हणत असे. मधेच कुणी आपलं नाव घेतलंच, तर ते कानावर येऊ नये म्हणून.

गेल्या पौषातली गोष्ट. त्या रविवारी धुकं एवढं दाट होतं की स्वतःच्या गळाचं बूच दिसेना. साडेसात वाजून गेले तरी उजेड नुसता पांढरा होता, त्याला दिशा नव्हती. रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाजही येत नव्हता. अण्णांनी गळ खाली ठेवला. त्यांच्या तोंडावरचा रंग पार उतरला होता. “आज नाव घेतलं,” ते म्हणाले. मी शपथेवर सांगतो, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. माशी उडाली असती तरी कळावं इतकं शांत होतं. ते उठले आणि पळत सुटले. गुडघे दुखतात म्हणून कचेरीचा जिना बसत बसत चढणारा माणूस पळत सुटला.

मी मागं निघालो, पण दहा पावलांतच ते धुक्यात गेले. काही वेळ त्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला. त्यांना हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. पाण्याकाठी हाक मारली आणि भलत्यानंच ओ दिली तर? चाचपडत पुढं गेलो तर अगदी पाण्याच्या कडेला त्यांच्या चपला होत्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा शेजारी शेजारी ठेवलेल्या. तिथल्या बाभळीच्या बुंध्याला दोराचं एक टोक बांधलेलं. बाकीचा दोर पाण्यावरून सरळ धुक्यात गेला होता, आणि तो ताणलेला होता. पलीकडं काय आहे ते दिसत नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. किती वेळ कोण जाणे. मग दोराला तीन हिसके बसले.

मी ओढू लागलो. हात सोलून निघाले. आधी अण्णांचं डोकं दिसलं, मग त्यांच्या काखेत धरलेला एक म्हातारा. तो पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं काढायला गेला होता. तराफा उलटला आणि त्याचे दोन्ही पाय स्वतःच्याच जाळ्यात गुरफटले. तराफ्याचा तुकडा छातीशी धरून तो नाकापर्यंत बुडून तरंगत राहिला होता. आम्ही त्याला काठावर घेतलं, काटक्या पेटवल्या, माझा स्वेटर त्याला घातला. तासाभरानं त्याच्या जिवात जीव आला. अण्णा तोपर्यंत ओल्या कपड्यांनिशी त्याच्याकडं टक लावून बसले होते. मग त्यांनी विचारलं, “बाबा, माझं लहानपणीचं नाव तुमाला कसं ठावं?”

म्हाताऱ्याला काही समजेना. तो म्हणाला, “म्या कुणालाच हाक मारली न्हाय, सायेब. दातखीळ बसल्याली. जबडाच उघडंना.”

म्हाताऱ्याला त्याच्या घरी पोचवून आम्ही परत निघालो. तुळजापूरच्या अलीकडं त्यांनी गाडी थांबवली, चहा सांगितला, आणि पंधरा वर्षांत कधी बोलले नव्हते ते सांगितलं. ते बेंबळीचे. सात-आठ वर्षांचे असताना त्यांच्या शेजारी एक एकटी बाई राहायची. त्यांना ती चिमण्या म्हणायची आणि ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा द्यायची. एका दुपारी परसातल्या विहिरीकडून त्यांना ‘चिमण्या’ अशी हाक ऐकू आली. ते उठले तसा आईनं त्यांचा हात धरला. भर दुपारी विहिरीतून हाक आली तर ओ देऊ नये, तिकडं जाऊही नये, असं तिनं सांगितलं. आणखी दोनदा हाक आली. मग थांबली. दिवे लागताना लोकांना ती बाई विहिरीत सापडली. पाणी शेंदताना पाय घसरला होता. “आई मरंस्तवर त्या दुपारचं बोलली न्हाय,” अण्णा म्हणाले. “अन् म्या बी कुणाला सांगितलं न्हाय. आज त्योच आवाज होता.”

त्या रविवारनंतर अण्णांची मान पुन्हा कधी कलली नाही. आता चार-चार तास ते जागचे हलत नाहीत. आक्का सांगतात, झोपेतून दचकून उठणंही थांबलं आहे. मासे पूर्वीपेक्षा जास्त लागतात आणि त्याच अदबीनं परत पाण्यात जातात. जाळंवाला म्हातारा कधीमधी येऊन शेजारी विडी ओढत बसतो. सगळं कसं सुरळीत झालं आहे, आणि तरीही पाहुण्यांना गाडीत बसवून आल्यावर माणूस पायरीवर बसून राहतो, तसे अण्णा त्या पाण्याकडं बघत असतात. परवा मला राहवलं नाही. मी म्हणालो, अण्णा, आता गुडघे फार दुखतात तुमचे, हाकही येत नाही, मग एवढ्या लांब यायचं कशाला?

ते बुचाकडंच बघत होते. म्हणाले, “तिला वाटाया नको, काम झालं अन् चिमण्या इसरला.”

ऊन वर चढत होतं. मी आपला त्यांच्याजवळ जरा सरकून बसलो.